मार्क्याची कोंबडी

लेबल वाचण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या जळगाव जिल्ह्यात सापडणार नाही! बढाई नाही मारत. मी शालिग्राम, मोठ्या चिमणीच्या जिनिंगमध्ये सव्वीस वर्षं मार्का क्लार्क होतो. कापसाची गाठ दाबून बाहेर पडली की तिच्या अंगावर काळ्या शाईचा मार्का मारायचा. साल, लॉट, जात, वजन, सगळं त्यात. व्यापारी गाठीत हात खुपसून कापूस उपसायचे, धागा ताणून बघायचे. मी लांबून मार्का वाचायचो आणि गाठीची कुंडली सांगायचो! माझं ठाम मत असं, की जगातल्या प्रत्येक वस्तूवर कुठे ना कुठे मार्का असतोच. फक्त वाचणारा पाहिजे.

तर असा मी वाचणारा! आणि त्र्याण्णवच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावून सांगितलं, "आता पथ्यबिथ्य राहू द्या. त्यांना जे आवडेल ते खाऊ घाला."

मी खूश! दीड वर्ष बायकोला, म्हणजे आमच्या इंदिराला, बिनतेलाचं आणि बिनमिठाचं गिळताना बघत होतो. पथ्य सुटलं म्हणजे दुखणं सुटलं! मी डॉक्टरांचा हात धरून गदागदा हलवला, पेढे आणून देतो म्हणालो. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, बिचाऱ्यांना गोड चालत नसेल.

घरी येऊन इंदिराला सांगितलं.

"असं म्हणाले का?"

"असंच म्हणाले! बोल, काय आणू?"

"मग कोंबडीचा रस्सा खाईन एकदा. सोनगीरला आई करायची तसा. पोटभर."

सोनगीर तिचं माहेर. तिथून लग्नात आलेलं पितळी पातेलं होतं आमच्याकडे, जाडजूड, कल्हई केलेलं. दीड वर्ष ते फळीवर पालथं पडलं होतं. दिवसभरात दोन चमचे पेज, एवढंच तिच्या पोटात जायचं, आणि ही आपल्या तोंडाने पोटभर म्हणाली! शेजारच्या भागाबाईला मी ताबडतोब मसाला वाटायला बसवलं आणि धावत जाऊन नाक्यावरून कोंबडी आणली. पांढरी, गुबगुबीत, स्वस्त. बॉयलर!

इंदिराने वाटी तोंडाशी नेली आणि खाली ठेवली.

"ह्याला औषधाचा वास येतोय."

"कोंबडीला? औषधाचा?"

"अहो, ह्यांना पाण्यातून औषधं पाजून वाढवतात. मी दिवसाला नऊ गोळ्या खाते, ही बिचारीसुद्धा औषधावरच जगलेली. आम्ही दोघी एकाच वॉर्डातल्या! शेजारच्या खाटेवरचीला कशी खाऊ?"

भागाबाई हसली. मीही हसलो. पण ती वाटी तशीच राहिली, आणि त्या रात्री इंदिराने पेजसुद्धा घेतली नाही.

म्हटलं, हे तर आपलंच खातं! औषध न खाल्लेली कोंबडी हुडकायची, म्हणजे लेबल वाचायचं. स्टेशन रस्त्यावर अभिमन नावाच्या गड्याने थंड पेटीचं दुकान नुकतंच काढलं होतं. तिथे कोंबडी प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीवर चक्क छापील लेबल! मला माहेरी आल्यासारखं वाटलं. चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "ताजी, निवडक, शेतावरची. हार्मोनविरहित."

"अभिमन, ताजी म्हणजे कधीची?"

"नाना, लिहिलंय ना ताजी!"

"तारीख कुठाय?"

"तारीख टाकली की गिऱ्हाइकाला शिळी वाटते."

"निवडली कोणी?"

"मीच."

"कशातून?"

"होत्या त्यातून!"

"बरं, हार्मोन नाही म्हणतोस. औषधाचं काय?"

"औषधाचं लेबलवर काहीच नाही, नाना."

"म्हणजे दिलंय की नाही दिलं?"

"म्हणजे लिहिलेलं नाही!"

मी चष्मा काढला आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं सुनावलं, "लेबलवर जे लिहिलेलं नसतं, तेच आधी वाचायचं असतं, समजलं?" काय वाक्य होतं! माझं मलाच आवडलं. डॉक्टर जे बोलले नव्हते ते मात्र मी अजून वाचलेलं नव्हतं.

अभिमन वैतागला. "नाना, तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याला जा! तिथल्या कोंबड्या किडे टिपून मोठ्या होतात. तिकडे तपासा काय तपासायचं ते!"

गेलो. गुरुवारी रजा टाकली, एसटीने चोपडा गाठलं, तिथून दुसऱ्या गाडीने पायथ्याचा बाजार. मोहाची फुलं, डिंक, मिरच्या, आणि एका कडेला टोपलीत सात कोंबड्या घेऊन बसलेली धनीबाई. घरी तिची बोली वेगळी, पण बाजारात ती आमच्याशी अहिराणीत बोलायची. मी उकिडवा बसलो. एकेका कोंबडीची चोच उघडली, पिसं फुंकली, डोळ्यांत बघितलं. बाई थक्क!

"औषध दिलंय का हिला?"

"औषध?" धनीबाई म्हणाली. "दादा, औषध आठे माणसले भेटस नही, कोंबडीले कोठून?"

उत्तर पसंत पडलं. आणि तेवढ्यात मला तो दिसला. मार्का! सातांपैकी एका काळ्या कोंबडीच्या डाव्या पायाला काळा दोरा, त्याला तीन गाठी, आणि दोऱ्यात गुंफलेली एक फुलाफुलांची चिंधी. बाकी सहाजणींचे पाय उघडे! मी मनात म्हटलं, शालिग्राम, हाच तो! तीन गाठी म्हणजे पहिल्या प्रतीचा माल. चिंधी म्हणजे घरची खूण. बाई हुशार आहे, चांगला नग वेगळा काढून ठेवते.

"ही दे."

"हाई इकानी नही, दादा."

"का नाही?"

ती नुसती कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"कुणासाठी ठेवलीस? त्याच्यापेक्षा जास्त देतो."

"दुसरी ल्या ना, दादा. बठ्ठ्या चांगल्या शेत. हाई नही."

मी तिला माझी ओळख करून दिली. म्हटलं, मला फसवू नकोस. मी जळगावच्या मोठ्या चिमणीच्या जिनिंगमधला मार्का क्लार्क शालिग्राम! कोंबडीच्या पायावरून माल ओळखतो! आजूबाजूच्या चार बायका तोंडाला पदर लावून हसल्या. धनीबाईने मान हलवली ती हलवलीच. शेवटी मी एक तांबडी कोंबडी घेतली, पिशवीत कोंबली आणि फणफणत गाडीत बसलो. सगळं लक्ष त्या काळीवर!

गाडी सुटता सुटता धनीबाईही टोपली घेऊन चढली आणि नेमकी माझ्याशेजारी येऊन बसली. तिला वाटेतल्या एका फाट्यावर उतरायचं होतं. पुढे काय झालं ते सांगताना मला आजही मान खाली घालावी लागते.

रस्त्यात बैलगाडी आडवी आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला. धनीबाईची टोपली उलटली, माझी पिशवी फाटली, आणि सात कोंबड्यांनी एसटीचा ताबा घेतला! एक कंडक्टरच्या तिकिटांच्या पेटीवर बसली. एक एका म्हातारबुवांच्या फेट्यात पाय अडकवून बसली, आणि ते "काढा रे, काढा रे!" म्हणून ओरडत होते. पिसं, धूळ, शिव्या! प्रत्येकाने हाताला येईल ती कोंबडी धरली. कंडक्टर ओरडला, "फाटा आला! उतरा, बाई, उतरा! मला पुढे जायचंय!" लोकांनी भराभर कोंबड्या टोपलीत टाकल्या, वर फडकं टाकलं. धनीबाईने फडक्याखाली हात घालून मोजल्या. सहा. बरोबर! ती उतरली.

सातवी माझ्या हातात होती. काळी. डाव्या पायाला दोरा.

मला दिसला होता तो दोरा. ती मोजत असतानाच दिसला होता. "बाई, थांब," एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी बोललो नाही. हिशोब सहाचा सहा जुळला होता, माझी तांबडी तिच्याकडे गेली होती, तिचं नुकसान काय झालं? आणि घरी इंदिरा पोटभर जेवणार होती. चोर नेहमी असाच हिशोब करतो, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भागाबाईने पातेलं घासून लख्ख केलं होतं, मसाला तयार. इंदिरा उशीला टेकून बसली होती. मी कोंबडी तिच्यासमोर धरली, जसा काही किल्ला जिंकून आणला!

"बघ! औषधाचा थेंब नाही. आणि वर मार्क्याची!"

तिने दोऱ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. सव्वीस वर्षं जळगावात राहून घासलेली तिची भाषा एका क्षणात सोनगीरला गेली.

"काय करी उनात तुम्ही? तिना पाय देखा! हाई देवनी शे!"

"देवाची कशी? बाजारातली आहे."

"दोरा बांधलेली कोंबडी कोणी विकत नाही. आमच्या सोनगीरच्या बाजारात डोंगराकडच्या बाया यायच्या, त्यांच्याकडे बघितलंय मी. घरात कुणी आजारी पडलं की त्याच्या अंगावरच्या कपड्याची चिंधी दोऱ्यात गुंफायची आणि भगताकडून कोंबडीच्या पायाला बांधून घ्यायची. नवस फिटेपर्यंत दर बाजाराला भगताला दाखवून आणायची. फिटला की मग ती देवाला. आणि नवस कसला ते कुणाजवळ बोलायचं नाही. बोललं की तुटतो."

मला धनीबाईची मान आठवली. नुसती हलत होती.

"चिंधी वाचा की," इंदिरा हळूच म्हणाली. "मार्का वाचता ना तुम्ही? फुलाफुलांची आहे. मऊ आहे. झबल्याची आहे ती."

मी चष्मा लावून बघितली. झबल्याचीच होती. आमच्या ट्रंकेच्या तळाशी असलंच एक झबलं होतं. ते आम्ही दोघं कधी बाहेर काढत नसू.

"सकाळी पहिल्या गाडीने जा," ती म्हणाली. "आणि तोवर हिला दाणे टाका."

त्या रात्री भागाबाईने मसाला झाकून ठेवला. इंदिरा दोन चमचे पेज प्यायली.

सकाळी मी फाट्यावर उतरलो आणि मग लक्षात आलं, की गावाचं नाव विचारलेलंच नाही! फाट्यावरून तीन वाटा फुटत होत्या. काखेत कोंबडी, डोक्यावर ऊन! पहिल्या गावात लोकांना वाटलं मी विकायला आलोय. एका माणसाने तिचा पाय बघितला आणि तो दोन पावलं मागे सरला. म्हणाला, "हाई तुमनाकडे कशी?" मी सगळी कहाणी सांगितली. त्याने नुसतं दुसऱ्या वाटेकडे बोट दाखवलं. दुसऱ्या गावात कुत्री मागे लागली. मी, एवढा मोठा मार्का क्लार्क, एका बोरीच्या झाडाला वळसे घालत पळत होतो, आणि कोंबडी काखेत आरामात डोळे मिटून बसलेली! तिसऱ्या गावात धनीबाईचं घर सापडलं तेव्हा दुपार कलली होती.

ओट्यावर तिचा नवरा कुवरसिंग बसला होता. मांडीवर वर्षाची पोर, अंग तापलेलं, डोळे अर्धे मिटलेले. अंगात फुलाफुलांचं झबलं. कडेची एक पट्टी फाडलेली.

मी कोंबडी खाली ठेवली आणि हात जोडले. कुवरसिंगने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने आधी पाण्याचा तांब्या दिला.

"धनीबाई कुठाय?"

"ती तं सकायनीच जयगावले गई," तो म्हणाला. "तुमनी तांबडी लिसन. चिमनीवाली जिनिंग इचारत."

मी कपाळावर हात मारला! ती माझी कोंबडी परत करायला माझ्या घरी, मी तिची कोंबडी परत करायला तिच्या घरी! बढाई मारताना पत्ता सांगितला होता ना मी, तोच तिने लक्षात ठेवला. परतताना एक गाडी चुकली, दुसरी पंक्चर झाली. घरी पोचलो तेव्हा पुन्हा दिवे लागले होते.

घरात रस्स्याचा वास दरवळत होता. पितळी पातेलं चुलीजवळ रिकामं. भागाबाई दारातच भेटली, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"शालिग्रामभाऊ, कुठे होतात तुम्ही? ती बाई आली, जिनिंगवाल्यांना विचारत विचारत. कोंबडीचा पाय बघणारा दादा कुठे राहतो म्हणून विचारलं, तर एकदम सगळ्यांना कळलं! इंदिराबाईला बघितलं आणि म्हणाली, ही तांबडी ह्या ताईसाठी घेतली होती का? आणि स्वतः रांधायला बसली. इंदिराबाई किती जेवल्या माहिती आहे? पाऊण भाकरी! रस्सा दोनदा मागून घेतला! आणि दोघी सारख्या हसत होत्या."

"कशाला?"

"तुम्हालाच!"

दीड वर्ष मी ज्या जेवणाची वाट बघितली ते जेवण झालं होतं, आणि मी तेव्हा एका बोरीभोवती कुत्र्यांपुढे पळत होतो. मला रडूच आलं. एका दोऱ्यासाठी लबाडी केली नसती तर मी समोर बसलेला असतो. तिला वाढलं असतं. अजूनही रोज मला तेच वाटतं.

इंदिरा जागी झाली. "तुमच्यासाठी वाटीभर ठेवलाय."

"कसा होता?"

"औषधाचा वास नव्हता," ती म्हणाली आणि हसली. "पोर कशी आहे?"

"ताप आहे. कोंबडी पोचवली."

"मग उतरेल."

दोन दिवसांनी खुंटीवरचा माझा निळ्या रेघांचा शर्ट घालायला घेतला, तर खालची चार बोटं रुंदीची पट्टी गायब! "उंदीर!" मी ओरडलो. पिंजरा आणला, त्यात भजं अडकवलं, तीन रात्री लावला. उंदीर काही सापडला नाही. इंदिरा खाटेवरून सगळं बघायची आणि गालातल्या गालात हसायची. म्हणायची, "मोठा उंदीर दिसतोय!"

सतराव्या दिवशी ती गेली.

त्यानंतरचं काय सांगू? मला चहा सोडून काही करता येत नव्हतं. जिनिंगच्या फाटकावर पाव आणि चहा, रात्री पाव आणि चहा. भागाबाई डबा द्यायची, तो तसाच परत जायचा. डॉक्टर रस्त्यात भेटले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते पहिल्यांदा वाचलं. उशीर झाला होता.

उन्हाळ्यात एका गुरुवारी पाय आपोआप पायथ्याच्या बाजाराकडे वळले. धनीबाई तिथेच बसली होती. तिची पोर मिरच्यांच्या ढिगावर चढायचा प्रयत्न करत होती, ठणठणीत! काळी कोंबडी नवस फिटून देवाला गेली होती. टोपलीत आता दुसरी होती, करडी. मी सवयीने उकिडवा बसलो आणि विचारलं, "ही केवढ्याला?"

"हाई इकानी नही, दादा."

मी तिचा पाय बघितला. डावा. काळा दोरा, तीन गाठी. आणि त्यात गुंफलेली निळ्या रेघांची चिंधी.

मी अंगातल्या शर्टाकडे बघितलं. तोच होता.

विचारून उपयोग नव्हता, बोललं की तुटतो. मी नुसता तो पाय हातात धरून बसलो, आणि बाजार माझ्या आजूबाजूने चालू राहिला. बऱ्याच वेळाने धनीबाईने सहज विचारल्यासारखं विचारलं,

"दादा, येळवर जेवतस का?"

म्हणजे हे होतं तर! मार्का वाचून झाला. आयुष्यातला पहिलाच मी बरोबर वाचलेला!

घरी येऊन भाकरी थापली. जळाली. दुसऱ्या दिवशी थापली. तुटली. पण आता, खोटं कशाला सांगू, पिठलं झकास जमतं, भाकरी गोल होते, आणि बाराच्या ठोक्याला पानावर बसतो. निवृत्त झालो तरी दर गुरुवारी बाजाराला जातो. धनीबाई विचारते, "जेवतस का?" आणि मी तोंड पाडून सांगतो, "कुठलं जेवण, धनीबाई! कालपासून उपाशी!" ती सुस्कारा टाकते आणि करडीला पुन्हा फडक्याखाली ठेवते. 'जेवतो' म्हटलं की नवस फिटला, आणि नवस फिटला की कोंबडी गेली. इंदिराने माझ्यासाठी मागितलेलं एवढं एकच तर उरलंय जगात!

करडी आता म्हातारी झाली आहे, अंडी देत नाही. मागच्या गुरुवारी मी नेहमीसारखा "उपाशी!" म्हणालो. धनीबाई माझ्या शर्टाकडे बघत राहिली. बघतो तर काय, पोटावर पिठल्याचा एवढा मोठा मार्का!

तिने तो नीट वाचला, आणि करडीवर फडकं ओढून घेतलं.